चार बोटं जागा

आमच्या संस्थेचा गोल शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये असतो. अठ्ठावीस वर्षं झाली. संचालक पाच बदलले, इमारतीला रंग तीनदा लागला, शिक्का तोच आणि मी तीच. सीवूड्सच्या पुढे, खाडीच्या बाजूला आमची ही जीवशास्त्राची संशोधन संस्था, आणि तिच्या आवक-जावक टेबलावर मी, राजश्री. मोठमोठे डॉक्टरेटवाले माझ्यासमोर उभे राहून ‘मॅडम, तेवढा शिक्का’ म्हणतात तेव्हा मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू! पण मैत्री नावाच्या मुलीच्या कागदावर मी जो शिक्का मारला तो मला अजून झोंबतो. कुणाला पटो न पटो, सांगून मोकळी होते.

मैत्री आमच्याकडे पीएच.डी.ला आली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. दिघ्याला राहायची, अजून तिथेच राहते. वडील शिवराम मराठवाड्यातून आलेले, औद्योगिक पट्ट्यातल्या एका रंगाच्या कंपनीत त्यांनी आयुष्य काढलं. आई चांगुणाबाई कंपनीच्याच कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. मैत्री एम.एस्सी.ला पहिल्या वर्गात आली, पण धाकट्या भावाचं, आकाशचं, शिक्षण व्हायचं होतं. म्हणून पाच वर्षं ही ऐरोलीच्या एका लॅबमध्ये लोकांची रक्त-लघवी तपासत बसली. भाऊ नोकरीला लागून पुण्याला गेला आणि मग हिला स्वतःचं काही सुचलं. ही पाच वर्षं लक्षात ठेवा. पुढे तीच नडली.

तिचा विषय निवटी. नाक मुरडू नका! ओहोटी लागली की खाडीच्या चिखलावर टुणटुण उड्या मारते ना, बटबटीत डोळ्यांची बोटभर मासळी, तीच. मैत्री उरणजवळ मोऱ्याच्या जेट्टीपलीकडे गुडघाभर चिखलात उतरून निवट्या पकडायची. कुठे पाय टाकायचा, कुठे रुतशील, हे तिला मोऱ्याच्या रंगूबाई कोळणीने शिकवलं. एकदा मी पण गेले होते बरोबर, हौस म्हणून. रंगूबाई कमरेवर हात ठेवून हिला म्हणाली, “अगो पोरी, निवटी काय बगाची वस्तू हाय? कालवनात टाकाची हाय ती!” मैत्री इतकी हसली की हातातली बाटली चिखलात पडली. तेवढं मनापासून हसताना मी तिला पुन्हा फार वेळा पाहिलं नाही.

तिने काय शोधलं ते मला तिनेच समजावलं होतं, चहा पिता पिता. ही मासळी पाण्यातही श्वास घेते आणि हवेतही, ओल्या कातडीतून. पण चिखल जितका घाण तितकी ती पाण्यात कमी जाते आणि हवेत जास्त राहते, आणि पिढ्यान्‌पिढ्या असं झालं की तिचे कल्लेच बदलायला लागतात. “म्हणजे बघा ताई,” ती म्हणाली, “पाण्यातच जन्मायचं आणि पाण्यातच राहायची सोय नाही.” मी म्हटलं, “अगं, मग ती आपल्या नवी मुंबईचीच की!” पण मला आतून पटलं होतं, पोरगी वेगळी आहे. परदेशातल्या दोन मासिकांत तिचे लेख आले. लेखांवर तिच्या नावाआधी सरांचं नाव. असो.

आता हे सर. अभय सर, मैत्रीचे गाईड. माणूस वाईट नाही हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईने राग काढला. राग काढणारच आहे मी, पण खरं सांगून. सर हसतमुख. कुणावर आवाज चढवणार नाहीत, विद्यार्थ्यांच्या लग्नाला पाकीट घेऊन हजर. पण लिहायचा त्यांना महाकंटाळा. कुणी फेलोशिपसाठी, नोकरीसाठी शिफारसपत्र मागायला गेलं की सरांचं ठरलेलं वाक्य: “तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो.” आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गाईडला वेळ नसतो, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

सुरुवातीला पोरं आपापली पत्रं लिहायची. कुणी इंटरनेटवरून उचलायचं, कुणी स्वतःला इतकं चढवायचं की सरांना सही करताना हसू यायचं. मग कुणीतरी मैत्रीकडे गेलं. तिने अर्ध्या तासात असं पत्र लिहून दिलं की सर म्हणाले, “वा! यापुढे सगळे मैत्रीकडून घ्या.” झालं. त्या दिवसापासून त्या लॅबमधून बाहेर पडणारं प्रत्येक शिफारसपत्र मैत्रीने लिहिलेलं.

ती पत्रं मी वाचलीत. पाकीट बंद करायच्या आधी वाचते मी. वाचू नये, माहीत आहे, पण अठ्ठावीस वर्षं नुसती पाकिटं चिकटवून माणसाने करायचं काय? हादिया नावाची उरणची मुलगी होती, अबोल, मुलाखतीत तोंडातून शब्द फुटायचा नाही. तिच्याबद्दल मैत्रीने इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा: ‘ही मुलगी प्रयोग फसला की आधी स्वतःची चूक शोधते, मग यंत्राची. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवात असे विद्यार्थी मी बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले. ती कमी बोलते, कारण खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही हे तिला कळतं.’ तीस वर्षांचा अनुभव सरांचा हं, मैत्रीचं वय तेव्हा तेहेतीस! हादिया जर्मनीला गेली. तिथल्या प्रोफेसरने तिला सांगितलं म्हणे, तुझ्या गाईडचं पत्र वाचून आम्ही तुला घेतलं. सरांनी ती गोष्ट चार ठिकाणी सांगितली.

मैत्रीची स्वतःची गाडी मात्र हलेना. पीएच.डी. व्हायला सात वर्षं गेली, त्यात लॉकडाऊन. नंतर सरांच्या प्रोजेक्टवर सहा-सहा महिन्यांच्या नेमणुका, आणि उरलेल्या वेळात नेरूळच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी पडली तर ठणठण गोपाळ. तिला हवी होती ती दिल्लीची पोस्टडॉक्टरल फेलोशिप. तीन वर्षांची, स्वतःच्या नावाची. प्रोजेक्ट आपला, पैसा आपल्या नावावर, लेखावर पहिलं नाव आपलं. “एकदा तरी ताई,” ती म्हणायची, “एकदा तरी माझी निवटी माझ्या नावाने.” दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा मुलाखतीपर्यंत जाऊन परत. तेव्हा शिफारसपत्राची अट नव्हती. गेल्या वर्षीपासून ती आली.

आणि गेलं वर्ष तिचं शेवटचं. वयाची मर्यादा पस्तीस, तिला पाच वर्षांची सूट धरून चाळीस. जाहिरात वर्षातून एकदाच. ऑक्टोबरअखेर अर्ज, आणि जानेवारीत ही चाळिशी पूर्ण करणार. ऐरोलीच्या लॅबमधली ती पाच वर्षं हातात असती तर! पण ती आकाशच्या खात्यात गेली होती.

अर्जाला जातीच्या दाखल्याची मूळ प्रत दाखवावी लागते, मी पडताळून सही करते. तो दाखला घेऊन शिवरामकाका स्वतः आले. इस्त्रीचा शर्ट, पायात नवी चप्पल. दाखला प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत. कंपनी सुटून इतकी वर्षं झाली तरी नखांच्या कडा अजून पिवळ्या. मी खुर्ची दिली तर बसेनात. “मॅडम,” ते म्हणाले, “औंदा व्हईल का?”

“होणारच काका! टेन्शन नका घेऊ,” मी म्हटलं.

“तिच्या आईला म्या वयाचं सांगितलं न्हाई. तिला वाटतंय, दरसालच असतंय हे. तुमी पन नका बोलू.”

नाही बोलले. पण ‘होणारच’ म्हणाले ना मी. कशाच्या जिवावर म्हणाले, देव जाणे.

त्याच वर्षी लॅबमधल्या सौरभनेही तिथेच अर्ज भरला. सौरभ एकोणतीस वर्षांचा, नुकतीच पीएच.डी. झालेला, चुणचुणीत पोरगा, मैत्रीनेच त्याला हाताला धरून काम शिकवलं. सर केबिनच्या दारात उभे राहून म्हणाले, “मैत्री, सौरभचं पत्र बघ जरा. आणि तुझंही तूच लिही हं. दोन्ही एकदमच सही करतो.” मी तिथेच होते, फाइल घेऊन. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, शपथेवर सांगते. नेहमीचंच होतं ते.

दोन दिवसांनी तिने दोन्ही पत्रं माझ्या टेबलावर आणून ठेवली. सौरभचं दीड पान. वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर पोरगा उभा राहिला. एकदा रविवारी वीज गेली आणि जनरेटर चालू होईना, तेव्हा त्याने बर्फाच्या गाडीवाल्याला गाठून लाद्या आणल्या आणि सगळ्यांचे नमुने वाचवले, तो प्रसंग तिने असा घातला होता की वाचणाऱ्याने उठून सौरभला नोकरी द्यावी. शेवटी होतं: ‘या मुलाला मी काही शिकवलं असेल त्यापेक्षा जास्त मी त्याच्याकडून शिकलो.’

मग तिचं स्वतःचं. नऊ ओळी. नाव, पदवी, कधी आली, कुठल्या विषयावर काम केलं, किती लेख, कुठली उपकरणं येतात. ‘वर्तणूक समाधानकारक.’ खाली चार बोटं कोरी जागा, आणि त्याखाली सरांचं नाव.

माझी सटकली. “हे काय गं? हे शिफारसपत्र आहे की रेशनकार्डाचा अर्ज?”

“जे केलं ते लिहिलंय ताई.”

“तुला काय धाड भरली? अख्ख्या दुनियेला चढवून लिहितेस, आणि स्वतःच्या वेळी ‘समाधानकारक’? चिखलात अकरा वर्षं उतरलीस ते कुठे आहे? ते कल्ल्यांचं कुठे आहे?”

ती खुर्चीवर बसली. हळूच म्हणाली, “दुसऱ्याबद्दल मला दिसतं ते लिहिता येतं. स्वतःबद्दल लिहायला बसले की वाटतं, कुणीतरी मागे उभं राहून विचारतंय, ‘हे कशावरून?’ ज्याला पुरावा आहे तेवढंच ठेवलं. आमचं काय असतं ताई, शंभर मार्क पडले तरी लोक म्हणतात, तुमचं बरं असतं, तुमच्यासाठी जागा असतेच. पहिल्याच दिवशी ऐकलंय मी हे, या इमारतीत. तेव्हापासून ठरवलंय, कुणाला बोट ठेवता येईल असा एक शब्द आपल्या कागदावर नको.”

“कोण म्हणालं असं? नाव सांग.”

“जाऊ दे ताई. जुनी गोष्ट.”

तिने माझ्याकडे बघितलं नाही. आणि मग मला आठवलं. अकरा वर्षांपूर्वी, हेच टेबल, प्रवेशाचा अर्ज घ्यायला मीच. फॉर्म तपासताना, जातीच्या रकान्यावर पेन ठेवून, अगदी सहज, शेजारच्या टेबलवालीकडे बघून हसत हसत मी हिला म्हणाले होते: ‘तुमचं बरं असतं बाई, वयातही सूट.’ मला ते कधी आठवलंही नसतं. तिने अकरा वर्षं जपून ठेवलं होतं, आणि त्याच माझ्याबरोबर रोज चहा घेतला होता. माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. माफीसुद्धा मागितली नाही, तोंड उचलेना.

थोड्या वेळाने मी विचारलं, “मग ही मोकळी जागा कशाला सोडलीस?”

ती जरा लाजली. चाळिशीची बाई, पण लाजली. म्हणाली, “सरांसाठी. त्यांनी अकरा वर्षं माझं काम बघितलंय. वाचतील, त्यांनाच वाटेल की काहीतरी राहिलंय. एक ओळ घालतील हाताने. त्यांनी आपणहून लिहिलेली एक ओळ पुरे मला. तुम्ही मात्र सांगू नका हं त्यांना. सांगून लिहिलेलं नको.”

एवढाच तिचा हट्ट होता. अकरा वर्षांत तिने त्या लॅबकडे स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट, आणि तीही न बोलता मागितलेली.

सही घ्यायला मी गेले. सर निघायच्या घाईत होते, वाशीला कुठल्यातरी समितीची बैठक. पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही करायला लागले, दुसऱ्या हाताने फोन कानाला. सौरभच्या पत्राचं पहिलं पान बघितलंसुद्धा नाही, दुसऱ्यावर सही. मग मैत्रीचं. तिने सांगू नका म्हटलं होतं. पण राहवेना. म्हटलं, “सर, एकदा वाचून बघता का? तिचं शेवटचं वर्ष आहे.”

सरांनी फोनवर “एक मिनिट हं” म्हटलं आणि माझ्याकडे बघून हसले. “मैत्रीने लिहिलंय ना? मग वाचायचं काय त्यात? परफेक्टच असणार!”

आणि सही केली. खाली, स्वतःच्या नावाला लागून नाही. जागा मोठी दिसली म्हणून त्या चार बोटं कोऱ्या जागेतच, आडवी, लांबलचक, शेवटी दोन रेघा मारून. जागा पुरती भरली.

मी वर आले. मैत्री जिन्यापाशीच होती. तिने कागद हातात घेतला, बघितला, आणि म्हणाली, “बरं झालं, आज सही झाली. उद्या सुट्टी आहे.” मी शिक्का मारला. दोन्ही पत्रांवर सारख्याच जोरात मारला. पाकिटं चिकटवली, स्पीड पोस्टाने पाठवली.

निकाल एप्रिलमध्ये आला. सौरभ निवडला गेला. मैत्री नाही. यावेळी तर मुलाखतीलाही बोलावलं नाही.

दोघांनाही तज्ज्ञांचे शेरे मेलवर आले. मैत्रीने तिचे मला दाखवले, मोबाइल माझ्यापुढे सरकवून, जसं कुणी रक्ताचा रिपोर्ट दाखवावा. प्रकल्प मौलिक आहे, असं होतं. आधीचं काम चांगलं आहे, असंही. आणि मग: ‘मात्र ज्या मार्गदर्शकाने उमेदवाराचं काम अकरा वर्षं जवळून पाहिलं, त्यांनाच तिच्याविषयी सांगण्यासारखं काही वाटत नाही. वर्तणूक समाधानकारक, यापलीकडे ते जात नाहीत. स्वतंत्र संशोधक म्हणून तिच्या क्षमतेबद्दल त्यामुळे शंका राहते.’

“आईला काय सांगितलंस?” मी विचारलं.

“सांगितलं, पुढच्या वर्षी.”

“आणि काका?”

“बाबांनी दाखला परत पिशवीत घालून ठेवला.”

त्या आठवड्यात सौरभने पेढे आणले. अख्खी लॅब कॉन्फरन्स रूममध्ये, मलाही बोलावलं. सौरभ बिचारा मैत्रीच्या पाया पडायला वाकला, तिने मध्येच धरला. मग सर उभे राहिले. खूश होते. म्हणाले, “तज्ज्ञांनी काय लिहिलंय, ऐकाच.” आणि सौरभला आलेला शेरा मोठ्याने वाचला: ‘मार्गदर्शकाचं पत्र असाधारण आहे. आपल्या विद्यार्थ्याकडे इतक्या बारकाईने आणि आपुलकीने पाहणारा गुरू विरळा. हा उमेदवार घेण्याच्या निर्णयात या पत्राचा मोठा वाटा आहे.’ सरांनी चष्मा काढला. म्हणाले, “बघा! मी नेहमी सांगतो, गाईडने विद्यार्थ्यासाठी वेळ द्यायला हवा.”

टाळ्या पडल्या. मी मैत्रीकडे बघितलं. तीसुद्धा टाळ्या वाजवत होती. अहो, मला असा संताप आला! सरांचा आला, तिचाही आला. अगं, टाळ्या कसल्या वाजवतेस, उठून सांग की! सौरभ मान खाली घालून पेढ्याच्या बॉक्सचा दोरा गुंडाळत होता. त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. आणि सरांना, मला वाटतं, खरंच आठवत नव्हतं. सही त्यांची होती, म्हणजे पत्रही त्यांचंच, असं त्यांच्या डोक्यात बसलं असणार. लबाड माणसाशी भांडता तरी येतं. या माणसाशी काय भांडणार?

जूनमध्ये मैत्रीने लॅब सोडायचं ठरवलं. ऐरोलीत औषध कंपन्यांची कागदपत्रं तपासायचं काम असतं, तिथे जागा मिळाली. कॉम्प्युटरवर बसून फॉर्म बरोबर भरलाय की नाही बघायचं. चिखल नाही, निवटी नाही. त्यांना अनुभवाचं प्रमाणपत्र हवं होतं. मी सरांना विचारलं तर म्हणाले, “अहो, मैत्रीलाच सांगा ना ड्राफ्ट करायला!”

“तिला नाही सांगणार,” मी मनात म्हटलं. “आता मी करते.”

जेवणाच्या सुट्टीत दार लावून घेतलं आणि संस्थेच्या लेटरहेडवर टाइप केलं. माझं इंग्रजी ऑफिसचं, मैत्रीसारखं नाही, पण जे लिहायचं होतं त्याला तेवढं पुरलं. लिहिलं: ‘प्रमाणित करण्यात येते की डॉ. मैत्री यांनी या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काम केलं. मोऱ्याच्या चिखलात उतरून त्यांनी जे शोधलं ते त्यांच्याआधी इथे कुणी शोधलेलं नव्हतं. या काळात माझ्या सहीने गेलेलं प्रत्येक शिफारसपत्र त्यांनी लिहिलं. डॉ. सौरभ यांच्या ज्या पत्राची तज्ज्ञांनी स्तुती केली, तेही त्यांचंच. स्वतःबद्दल चांगलं लिहिणं त्यांना जमलं नाही आणि ते लिहिण्याचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. त्यांचं पत्र मी वाचलं नव्हतं. हेही मी वाचलेलं नाही.’

घेऊन गेले. सर लॅपटॉपवर होते. “मैत्रीचं प्रमाणपत्र, सर.” “हो, हो, द्या. चांगली मुलगी होती,” म्हणाले, आणि सही केली. लांबलचक, शेवटी दोन रेघा. मी खाली येऊन ड्रॉवर उघडला आणि असा शिक्का मारला की टेबलावरचा चहाचा कप हलला. नोकरी जाईल तर जाईल, वर्षावर रिटायरमेंट आली आहे. खरं सांगते, मला फार मोठा तीर मारल्यासारखं वाटत होतं.

मैत्री संध्याकाळी आली. मी कागद तिच्या हातात दिला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हटलं, आता हसेल. रंगूबाईच्या त्या बोलण्यावर हसली होती तशी.

तिने सावकाश वाचलं. दोनदा वाचलं. सहीवरून बोट फिरवलं. “न वाचता केली?”

“न वाचता! मी समोर उभी होते.”

मग डोळे भरून आले तिचे. सगळ्या प्रकारात पहिल्यांदाच. आणि मला म्हणाली, रागाने नाही, अगदी साधेपणाने, “ताई, म्हणजे ते कशावरही सही करतात, हे तुम्हाला माहीत होतं. मग हे ऑक्टोबरमध्ये का नाही लिहिलंत?”

पत्र माझ्या हातात होतं. लेटरहेड माझ्या कपाटात, शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये, आणि कोरी जागा चार बोटं. एक ओळ टाइप करायला किती वेळ लागतो? मी तेव्हा पार्किंगमध्ये उभी राहून सरांना ‘वाचून बघा’ म्हणत होते. त्यांनी वाचावं म्हणून ती वाट बघत होती, आणि तिच्याबरोबर मी पण बघत बसले. मला अक्कल आली ती तिची चाळिशी उलटल्यावर.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “आणि ते अकरा वर्षांपूर्वीचं पण.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये आतल्या कप्प्यात ठेवला. मग डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, “कंपनीला हे नाही चालणार ताई. त्यांना फक्त तारखा लागतात. एक साधं द्या करून.”

मी साधं करून दिलं. नाव, पद, कधीपासून, कधीपर्यंत, वर्तणूक समाधानकारक. तिने तारखा तपासल्या, बरोबर आहेत म्हणाली, आणि मी शिक्का मारला.